प्रश्न वाचकांचे : गिटार ॲम्पची प्रीॲम्प ट्यूब बदलताना

ट्यूबवर चालणाऱ्या गिटार ॲम्पविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : जुन्या प्रीॲम्प ट्यूबच्या (गिटारचा क्षीण संकेत सुरुवातीला मोठा करणाऱ्या छोट्या ट्यूबच्या) जागी कोणती नवी ट्यूब घ्यावी? काहींनी तर चार-पाच कंपन्यांची नावे लिहून त्यांतली सर्वांत चांगली कोणती, एवढेच विचारले आहे. कंपनीचा विचार शेवटी करायचा असतो. ट्यूब खरोखरच बिघडली आहे का आणि ती ॲम्पमधल्या कोणत्या जागेवरची आहे, हे आधी ठरले पाहिजे. त्या दृष्टीने उपयोगी पडतील अशी काही पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी फेंडरचा ब्लूज ज्युनियर हा ॲम्प जुना विकत घेतला. आवाज थोडा वाढवला की काही ठरावीक सुरांवर काचेसारखी किणकिण ऐकू येते आणि वाजवत नसतानाही ‘सूं’ असा आवाज चालूच राहतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी पाचही ट्यूबा ‘मॅच्ड सेट’ (एकमेकींशी जुळवून निवडलेला संच) घेऊन बदलायला सांगितल्या आहेत. माझा भाऊ दिवाळीत जर्मनीहून येणार आहे. त्याला कोणत्या कंपनीच्या ट्यूबा आणायला सांगू? — एक वाचक, पुणे

उत्तर : पाचही ट्यूबा एकदम बदलण्याची घाई करू नये. आपल्या ॲम्पमध्ये १२एएक्स७ जातीच्या तीन छोट्या (प्रीॲम्प) ट्यूबा आणि स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ईएल८४ जातीच्या दोन पॉवर ट्यूबा असतात. आपण लिहिलेल्या दोन तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्यांचा शोधही स्वतंत्रपणे घ्यावा लागेल.

आधी किणकिणीकडे वळू. या ॲम्पमध्ये स्पीकर आणि ट्यूबा एकाच पेटीत असल्याने स्पीकरचे सगळे हादरे ट्यूबांना बसतात. ट्यूबच्या आतले पत्रे आणि बारीक जाळ्या अभ्रकाच्या चकत्यांमध्ये अडकवलेल्या असतात. ती पकड सैल झाली की दोन प्रकारचे आवाज येतात. एक आवाज प्रत्यक्ष काचेतून, म्हणजे पेटीच्या मागून येतो आणि तो बहुतेक वेळा पॉवर ट्यूबचा असतो; अशा एका पेटीतल्या छोट्या ‘कॉम्बो’ ॲम्पमधल्या ईएल८४ त्यासाठी प्रसिद्धच आहेत. दुसरा आवाज स्पीकरमधून येतो. त्यात प्रीॲम्प ट्यूब हादऱ्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करते आणि पुढचे सगळे टप्पे तो संकेत मोठा करतात; यालाच ट्यूब ‘मायक्रोफोनिक’ झाली असे म्हणतात. कान पेटीच्या मागे नेऊन आणि मग पुढे आणून आवाज कुठून येतो ते ऐकले, तरी अर्धा निकाल लागतो. मागची फळी, तिचे स्क्रू आणि रिव्हर्बचा (आवाजाला घुमारा देणाऱ्या स्प्रिंगांचा) डबा घट्ट आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण सैल स्क्रूची थरथर आणि ट्यूबची किणकिण यांत पुष्कळांची गल्लत होते.

आवाज स्पीकरमधून येत असेल तर न टोकलेली लाकडी पेन्सिल घ्यावी. ॲम्प चालू करून तो पाच मिनिटे गरम होऊ द्यावा, आवाज मध्यम ठेवावा आणि पेन्सिलच्या बोथट टोकाने एकेका छोट्या ट्यूबच्या काचेवर हलकेच टिचकी मारावी. पहिल्या जागेवरच्या, म्हणजे गिटारची वायर जिथे लावतात त्या बाजूच्या ट्यूबवर टिचकी मारली की स्पीकरमधून ‘टक’ असा आवाज येणारच, आणि तो दोष नव्हे. त्या जागेनंतर आवाज कैक पटींनी वाढत असल्यामुळे चांगली ट्यूबही तिथे थोडी बोलतेच. टिचकीनंतर ‘टक’ तिथेच थांबण्याऐवजी घंटेसारखा घुमत राहिला किंवा त्याची शिट्टी झाली, तर ती ट्यूब बदलायला हवी. हे करताना बोटांनी ट्यूबला किंवा सॉकेटला हात लावू नये आणि धातूची वस्तू तर मुळीच वापरू नये. चासी (सर्किटचा धातूचा सांगाडा) उघडण्याची गरज या कामात कुठेही पडत नाही. आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो, म्हणून आतले काम जाणकारावरच सोडावे.

‘सूं’ आवाजासाठी आधी गिटारची वायर ॲम्पमधून काढून ऐकावे. वायर काढताच आवाज जवळजवळ नाहीसा झाला, तर तो गिटारच्या पिकअपमधून किंवा वायरीतून येतो आहे आणि त्यासाठी ट्यूब आणून काहीच साधणार नाही. वायर काढूनही तो राहत असेल तर ‘मास्टर’ची (एकूण आवाजाची) खुंटी शून्यावर न्यावी. तरीही आवाज तेवढाच राहिला, तर दोष त्यापुढचा, म्हणजे तिसऱ्या छोट्या ट्यूबचा, पॉवर ट्यूबांचा किंवा वीजपुरवठ्याच्या भागाचा आहे. आवाज गेला, तर दोष पहिल्या दोन जागांपैकी एकीवर आहे. आता ॲम्प बंद करून, प्लग काढून आणि ट्यूबा पूर्ण थंड होऊ देऊन पहिल्या व दुसऱ्या ट्यूबांची अदलाबदल करावी. दोन्ही एकाच जातीच्या असल्याने त्यात धोका नाही. अदलाबदलीनंतर आवाज स्पष्टपणे कमी झाला किंवा त्याची जात बदलली, तर ट्यूब दोषी. काहीच फरक पडला नाही, तर एखादा जुना रेझिस्टर, मळलेले सॉकेट किंवा कच्चे सोल्डर यांच्याकडे संशयाने पाहावे. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही आणि ती न करता नव्या ट्यूबा आणणाऱ्यांच्या घरी चांगल्या चालू असलेल्या जुन्या ट्यूबांचा डबा मात्र भरत जातो. थोडी ‘सूं’ प्रत्येक ट्यूब ॲम्पमध्ये असते, हेही ध्यानात ठेवावे; वाजवायला लागल्यावर ती ऐकू येत नसेल तर तिच्या मागे लागू नये.

एवढे झाल्यावर खरेदीचा विषय निघतो. ‘मॅच्ड’ हा शब्द पॉवर ट्यूबांच्या जोडीला लागू आहे, कारण त्या दोघी मिळून एकच काम करतात. प्रीॲम्प ट्यूबांचे तसे नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी स्वतंत्रपणे काम करते आणि तीन ट्यूबा एकमेकींशी जुळवून घेण्याने काहीही साधत नाही. अपवाद म्हणून तिसऱ्या जागेचे, फेज इन्व्हर्टरचे (दोन्ही पॉवर ट्यूबांना एकमेकींच्या उलट संकेत पुरवणाऱ्या टप्प्याचे), नाव सांगतात. तिथे एकाच काचेतले दोन भाग समतोल असावेत म्हणून ‘बॅलन्स्ड’ ट्यूब विकली जाते. फेंडरच्या सर्किटांत त्या जागी ८२ किलोओहम आणि १०० किलोओहम असे मुद्दाम असमान रेझिस्टर बसवून समतोल आधीच बऱ्यापैकी साधलेला असतो, म्हणून त्यासाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. प्रीॲम्प ट्यूबा बदलल्यावर बायस (ट्यूबमधला स्थिर प्रवाह) लावण्याचीही गरज नसते. पॉवर ट्यूबा बदलल्या तर मात्र तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

पैसे खर्चायचेच असतील तर पहिल्या जागेसाठी खर्चावेत. तिथला आवाज आणि तिथला दोष दोन्ही पुढे मोठे होत जातात. ‘लो नॉइज’ म्हणून तपासून निवडलेली एक ट्यूब त्या जागेसाठी घ्यावी आणि उरलेल्या दोन जागांवर साध्या, चालू असलेल्या ट्यूबा ठेवाव्यात. कॉम्बो ॲम्पच्या पहिल्या जागी आखूड प्लेटची (आतला मुख्य पत्रा आखूड असलेली) ट्यूब बरी पडते, कारण लांब प्लेट हादऱ्याने लवकर बोलू लागते. स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीची ईसीसी८३एस आखूड प्लेटची आहे, फारशी मायक्रोफोनिक होत नाही आणि तिचा आवाज किंचित जाड, तीव्र सुरांना थोडा दबून असतो. आपले स्पीकर आणि गिटार आधीच गडद आवाजाचे असतील तर ती आवडणार नाही. त्याच कंपनीची ईसीसी८०३एस आणि सोव्हटेकची १२एएक्स७एलपीएस या लांब प्लेटच्या ट्यूबा स्वच्छ वाजतात, पण त्यांची योग्य जागा स्पीकरपासून वेगळ्या पेटीत असलेला ‘हेड’ ॲम्प किंवा फार तर फेज इन्व्हर्टर. आज टंग-सोल नावाने मिळणारी १२एएक्स७ त्यामानाने उजळ वाजते.

सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, आजची टंग-सोल आणि आजची मुलार्ड ही चार नावे चार कारखान्यांची वाटतात, परंतु या सगळ्या ट्यूबा रशियातल्या सारातोव्ह इथल्या एकाच कारखान्यातून येतात. त्यांच्या रचनेत फरक आहेत, म्हणून आवाजातही आहेत. नावाच्या इतिहासाचे मोल मात्र देऊ नये. २०२२ साली रशियातून येणारा पुरवठा अडखळला तेव्हा जगभर भाव चढले. किमतीत इतिहासाचे आणि लिलावी शब्दांचे वजन किती आणि खऱ्या गुणाचे किती, हे ग्राहकाने पाहायचे आहे. दोन चांगल्या नव्या १२एएक्स७ ट्यूबांमधला फरक कानाला कळतो, पण तो टोनची खुंटी अर्धा आकडा फिरवण्याइतका असतो. त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक स्पीकर बदलल्याने पडतो. भावाला एक निवडक आणि एक साधी अशा दोनच ट्यूबा आणायला सांगाव्यात. एक बसवण्यासाठी आणि दुसरी पुढच्या वेळी दोष शोधण्यासाठी हाताशी.

प्रश्न : माझ्याकडे व्हॉक्स एसी१५ आहे. आम्ही सोसायटीत राहतो. आवाजाची खुंटी एकवर असेपर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि दोनवर नेली की शेजारचे दार वाजवतात. प्रीॲम्प ट्यूब बदलून आवाज आटोक्यात येईल, असे एका मित्राने सांगितले. खरे आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, आणि कंपनी बदलण्यापेक्षा ट्यूबची जात बदलणे किती परिणामकारक असते याचे हे चांगले उदाहरण आहे.

१२एएक्स७ ही आरसीए कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेली दुहेरी ट्रायोड (एका काचेत दोन वर्धक भाग असलेली) ट्यूब. युरोपात हिचेच नाव ईसीसी८३. तिचा वर्धनांक (संकेत मोठा करण्याच्या क्षमतेचा आकडा) १०० आहे. तिच्याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या, पिनांची मांडणी तीच असणाऱ्या आणखी काही ट्यूबा आहेत : ५७५१ चा वर्धनांक ७०, १२एटी७ म्हणजेच ईसीसी८१ चा ६०, १२एवाय७ चा सुमारे ४४ आणि १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२ चा सुमारे २०. कागदावर हे आकडे पाहून पुष्कळ जण थेट १२एटी७ किंवा १२एयू७ कडे वळतात, आणि तिथे फसतात. या दोन्ही ट्यूबा जास्त प्रवाहावर काम करण्यासाठी बनवलेल्या आहेत. २५० व्होल्टच्या नमुना मांडणीत १२एएक्स७ मधून सव्वा मिलिअँपिअरच्या आतबाहेर प्रवाह वाहतो, तर १२एटी७ मधून सुमारे १० मिलिअँपिअर. आपल्या ॲम्पमधले रेझिस्टर १२एएक्स७ च्या बेताने निवडलेले आहेत. तिथे १२एटी७ बसवली की ती चालते, काहीही जळत नाही, पण ती आपल्या चालीने चालत नाही आणि आवाज पुष्कळदा कोरडा, करकरीत वाटतो.

५७५१ आणि १२एवाय७ यांचा स्वभाव या जागेला जास्त मानवतो. ५७५१ लावल्यावर गेन (संकेताला मिळणारी वाढ) सुमारे ३ डेसिबलने उतरतो. फरक कळतो, पण ॲम्प ओळखीचाच राहतो. १२एवाय७ ने तो सुमारे ७ डेसिबलने उतरतो आणि खुंटीला फिरायला खरी जागा मिळते. १२एवाय७ हा कुठला जुगाडही नाही, कारण १९५०च्या दशकातल्या फेंडरच्या ‘ट्वीड’ डिलक्स आणि बासमन या ॲम्पच्या पहिल्या जागी कारखान्यातूनच ती येत असे.

आपण पहिल्या जागी आधी ५७५१ लावून पाहावी, पुरेशी वाटली नाही तर १२एवाय७. हा बदल फक्त पहिल्या जागेपुरता ठेवावा. व्हॉक्सच्या टॉप बूस्ट पद्धतीच्या सर्किटात पुढे कॅथोड फॉलोअर नावाचा टप्पा असतो. त्या टप्प्यात कॅथोडवर (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर) शंभराहून बराच जास्त व्होल्टचा दाब येतो आणि त्याला तापवणारी तार, म्हणजे हिटर, मात्र जमिनीच्या पातळीजवळ असतो. सगळ्याच ट्यूबांना हा ताण सोसत नाही, म्हणून तिथे साधी, दणकट १२एएक्स७ च असू द्यावी आणि विकत घेताना ‘कॅथोड फॉलोअरसाठी हवी आहे’ असे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र ट्यूबने पूर्ण सुटणार नाही. गेन कमी केल्याने ॲम्पची कमाल ताकद कमी होत नाही, ती गाठायला खुंटी जास्त फिरवावी लागते एवढेच. पूर्ण फाटलेला आवाज हवा असेल तर दार वाजणारच. त्यासाठी मास्टर व्हॉल्यूम वापरावा किंवा स्पीकर आणि ॲम्प यांच्यामध्ये बसवायचा, ताकद जिरवणारा ॲटेन्युएटर घ्यावा.

प्रश्न : आमच्या बँडकडे फेंडर डिलक्स रिव्हर्ब आहे. रिव्हर्ब पूर्वीसारखा येत नाही, फार क्षीण झाला आहे. मागे पाहिले तर छोट्या ट्यूबांपैकी दोन १२एटी७ आहेत, बाकीच्या १२एएक्स७. १२एएक्स७ चा गेन जास्त असतो असे वाचले. रिव्हर्बच्या जागी तीच बसवली तर आवाज वाढेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : बसवू नये. या एका जागी आकडा मोठा असलेली ट्यूब कमी काम करते. उजवीकडून (मागून पाहताना) तिसऱ्या जागेवरची १२एटी७ एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत रिव्हर्बच्या स्प्रिंगा हलवते. स्प्रिंग हलवायला प्रवाह लागतो आणि तो १२एएक्स७ जवळ नाही. शिवाय १२एटी७ चा प्रत्येक भाग अडीच वॉटपर्यंत उष्णता सोसतो, १२एएक्स७ चा जेमतेम एक वॉट. तेव्हा रिव्हर्ब आणखी क्षीण होईल.

खरे म्हणजे ट्यूबच्या आधी इतर गोष्टी पाहाव्यात. या ॲम्पमध्ये रिव्हर्ब फक्त ‘व्हायब्रेटो’ चॅनलला आहे. वायर ‘नॉर्मल’मध्ये लावली असेल तर रिव्हर्ब कधीच येणार नाही, आणि हे सांगणे अपमानास्पद वाटले तरी अशी पत्रे येतात. पायाने दाबायचा स्विच काढून पाहावा. पेटीच्या तळाशी असलेल्या रिव्हर्बच्या डब्याला दोन वायरी असतात, त्यांची टोके काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवावीत.

मग रिव्हर्बची खुंटी वाढवून पेटीला अलगद धक्का द्यावा. स्प्रिंगांचा गडगडाट स्पीकरमधून मोठ्याने ऐकू आला, तर डब्यातून परत येणारी बाजू, म्हणजे चौथी ट्यूब, ठीक आहे; दोष स्प्रिंग हलवणाऱ्या बाजूला, बहुधा तिसऱ्या ट्यूबमध्ये आहे. गडगडाटही क्षीण असेल तर चौथ्या ट्यूबकडे किंवा परतीच्या वायरीकडे पाहावे. चौथ्या ट्यूबचा दुसरा अर्धा भाग व्हायब्रेटो चॅनलच्या साध्या आवाजासाठीही वापरलेला असतो, त्यामुळे ती सगळीच मेली असती तर तो चॅनलच बसला असता. तिसरी ट्यूब तपासायला आपल्या ॲम्पमध्येच दुसरी १२एटी७ आहे : सहाव्या जागेवरची, फेज इन्व्हर्टरची. दोघींची अदलाबदल केल्यावर रिव्हर्ब परतला, तर एक १२एटी७ आणावी. तिसऱ्या जागेवरची ट्यूब या ॲम्पमधल्या छोट्या ट्यूबांत सर्वांत जास्त राबते, म्हणून ती इतरांच्या आधी थकली तर त्यात नवल नाही.

आपण समुद्राजवळ राहता म्हणून आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेत ट्यूबच्या पिनांवर काळसर थर चढतो आणि सॉकेटची पकड खराब होते. अशा ॲम्पमध्ये ट्यूब थोडी हलवली की खरखर होते आणि लोक ट्यूबच दोषी धरतात. ॲम्प बंद आणि थंड असताना पिनांवर थोडे कॉन्टॅक्ट क्लीनर लावून ट्यूब दोन-तीन वेळा आत-बाहेर करावी, ते सुकू द्यावे आणि मगच ॲम्प लावावा. ट्यूब काढताना ती गोल-गोल फिरवून नव्हे, तर किंचित डोलवत सरळ ओढावी. पावसाळ्यात ॲम्प महिनोन्‌महिने झाकून ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालू ठेवलेला बरा.

प्रश्न : आजोबांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूबा) एका पत्र्याच्या डब्यात सापडले. काही बीईएलचे आहेत, काही फिलिप्सचे. ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४, ईसीसी८५, ईझेड८० अशी नावे वाचता येतात, दोन-तीन नावे पुसलेली आहेत. यांतले गिटार ॲम्पला कोणते चालतील? — एक वाचक, सातारा

उत्तर : डबा जपून ठेवावा, पण त्यात प्रीॲम्पचे घबाड मिळेल अशी आशा धरू नये. घरगुती रेडिओत ईसीसी८३ फारशी नसे. ती असे जुन्या सभा-समारंभांच्या ॲम्प्लिफायरमध्ये. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या जुन्या दुकानांत तोच माल जास्त सापडतो.

युरोपीय नावात बरीच माहिती असते. ‘ई’ म्हणजे हिटर ६.३ व्होल्टचा, ‘सी’ म्हणजे ट्रायोड आणि ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, ‘एफ’ म्हणजे पेंटोड, ‘एल’ म्हणजे पॉवर ट्यूब, ‘झेड’ म्हणजे रेक्टिफायर, आणि आकड्यातला पहिला ८ म्हणजे नऊ पिनांचा छोटा तळ. आपल्या यादीतली ईएल८४ गिटार ॲम्पच्या थेट उपयोगाची आहे. ईसीएच८१ आणि ईएफ८९ रेडिओलाच शोभतात. ईसीसी८५ चे नाव आणि रूप फसवे आहे : तीही दुहेरी ट्रायोड, तिलाही नऊ पिना, परंतु तिची हिटरची जोडणी वेगळी असल्यामुळे ती ईसीसी८३ च्या जागी चालत नाही. ध्वनियंत्रांच्या शौकिनांकडे मिळणाऱ्या ईसीसी८८ चेही तसेच.

नाव पुसलेल्या ट्यूबसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. ट्यूब उलटी धरून पिनांकडे पाहावे. दोन पिनांमध्ये जिथे जास्त जागा सुटलेली असते तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक ते नऊ मोजावेत. ईसीसी८३, ८१ आणि ८२ यांच्यात चौथी व पाचवी पिन ही हिटरची दोन टोके असतात आणि नववी त्याचा मध्य. म्हणून चार-नऊ आणि पाच-नऊ यांच्यामध्ये थंड स्थितीत काही ओहम, आणि दोन्हीकडे सारखेच, दिसले पाहिजेत. नववी पिन हिटरशी जोडलेलीच नसेल तर ती ट्यूब या घरातली नाही. या तपासाने ट्यूबची जात आणि हिटर शाबूत असल्याचे कळते, तिचे आयुष्य किती उरले ते कळत नाही. काचेच्या माथ्याशी आतून जो चंदेरी थर असतो तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. ती ट्यूब टाकून द्यावी. काचेवरची छपाई अंगठ्याने पुसू नये, अक्षरे लगेच उडतात आणि पुढे त्या ट्यूबची ओळखच राहत नाही.

जुन्या साठ्यातल्या ट्यूबांविषयी माझे मत विचारले तर ते असे : त्या चांगल्या बनवलेल्या होत्या आणि अनेक अजून नव्यांपेक्षा शांत चालतात, परंतु तळाच्या काचेवर चौकोनी हिरा असलेल्या तेलेफुंकेन किंवा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या मुलार्ड यांना आज जी किंमत पडते, ती गिटारच्या फाटलेल्या आवाजासाठी मोजणे मला पटत नाही. घरच्याच डब्यात सापडली तर अवश्य लावावी.

प्रश्न : न्यू जर्सीहून कायमचे नागपूरला परतत आहोत. माझा ट्यूब ॲम्प १२० व्होल्टचा आहे. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून वापरला तर प्रीॲम्प ट्यूबांचे आयुष्य घटेल का? — एक वाचक

उत्तर : ट्रान्सफॉर्मर योग्य असेल तर घटणार नाही. हिटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण दहा टक्क्यांचा वर-खाली फरक त्यांना सोसतो. आपल्याकडे २३० चे ११० करणारे ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात. १२० चा ॲम्प त्यावर चालवला तर हिटरला पावणेसहा व्होल्टच्या किंचित वर मिळतात, म्हणजे मर्यादेत राहतात. १२० देणारा मिळाला तर तोच घ्यावा. ॲम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा, जड, तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असावा. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर अजिबात वापरू नये. ६० ऐवजी ५० हर्ट्झ मिळाल्याने ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल, म्हणून मागची बाजू भिंतीला चिकटवू नये. आणि ॲम्पची वायर चुकूनही थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाणार नाही, अशी तिची पिन कायमची बदलून टाकावी. सामान पाठवताना ट्यूबा कोणत्या जागेवरची कोणती हे लिहून काढून घ्याव्यात आणि वेगळ्या गुंडाळाव्यात.

प्रश्न : नवी ईसीसी८३ बसवल्यावर ॲम्प सुरू करताच ती क्षणभर लख्ख पेटते, मग मंद होते. परत करू का? आणि प्रीॲम्प ट्यूबा किती वर्षांनी बदलाव्यात? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : परत करू नये. काही युरोपीय बनावटीच्या ट्यूबांत हिटरच्या तारेचा थोडा भाग उघडा असतो. थंड तारेतून सुरुवातीला जास्त प्रवाह जातो आणि तो भाग चमकतो. दोन-तीन सेकंदांत ती चमक ओसरत असेल तर ट्यूब ठीक आहे. बदलण्याचे वर्षांचे गणित पॉवर ट्यूबांसाठी असते. प्रीॲम्प ट्यूबा त्यांच्या कितीतरी जोड्या संपेपर्यंत टिकतात. आवाज शांत असेल, टिचकीनंतर ट्यूब घुमत नसेल आणि गेन पूर्वीइतका असेल, तर ती जिथे आहे तिथेच राहू द्यावी.